डहाणू-तलासरीच्या थंडीत पंधरा दिवस

नाशिकहून त्र्यंबकमार्गे मोखाड्याचा घाट उतरू लागले की पौषातली थंडी अंगाला बिलगते, आणि जव्हार ओलांडून कासा-चारोटी येईपर्यंत काही सोडत नाही. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. तो ओलांडून सरळ गेले की डहाणूचा समुद्र. उजवीकडे वळले की महालक्ष्मीचे देऊळ, दापचरीचा तपासणी नाका, मग तलासरी, अच्छाड आणि पुढे गुजरात. व्यापारासाठी वापी-सुरतेला किंवा यात्रेसाठी शंखेश्वर-पालिताण्याला जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी हा रस्ता कापला असेल. काच खाली करून फार तर चिकूंची टोपली घेतली असेल. मीही गेली तीस वर्षे एवढेच करीत आले होते.

गेल्या पौषात मात्र याच टापूत पंधरा दिवस राहिले. माझी भाची पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. दर हिवाळ्यात ती इथल्या एका श्वान-निवाऱ्यात सेवेला जाते. “मावशी, देणगीचा चेक दर वर्षी पाठवतेस, एकदा तू स्वतःच ये,” असे तिने म्हटले, आणि मी होकार दिला. निवारा डहाणू आणि तलासरीच्या मधल्या भागात, महामार्गापासून आत, एका पाड्याच्या कडेला आहे. त्याचे नाव-गाव मी देत नाही, कारण तो चालवणाऱ्या ताईंनी तसे बजावले आहे. पूर्वी एकदा पत्ता छापून आला, तेव्हा महिनाभर रोज पहाटे फाटकाला पिल्लांची खोकी बांधलेली सापडत होती.

मी होकार का दिला, हे शेवटी सांगावे असे आधी योजले होते. पण ते आताच सांगितलेले बरे. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या मार्केट यार्डातल्या गुदामात, तुरीच्या थप्पीमागे, एक कुत्री व्याली. सहा पिल्ले होती. ती हमालांच्या अंगावर धावून जाई, गिऱ्हाइके बिचकत. तिला इजा करण्याचा विचारही आमच्या घरात कोणाच्या मनाला शिवला नसता. म्हणून दिवाणजींनी टेम्पो काढला आणि आईला व पिल्लांना पोत्यांतून नेऊन कसारा घाटाखाली एका ढाब्यापाशी सोडले. तिथे उष्टे-खरकटे भरपूर मिळेल, जागा मोकळी आहे, असा विचार होता. मी बरोबर दुधाच्या पिशव्या आणि बिस्किटांचे पुडे दिले होते. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसताना माझे मन अगदी निश्चिंत होते, हे मला चांगले आठवते.

डहाणू गावात थंडी अशी वाटतच नाही. समुद्र रात्रभर ऊब धरून ठेवतो. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत सकाळी शाल घेतली तरी नऊला ती खांद्यावर जड होते. इथल्या इराणी-पारशी बागायतदारांनी लावलेल्या या झाडांच्या फळाला २०१६ साली ‘डहाणू-घोलवड चिकू’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. पण किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला सरकले की हवा पालटते. भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरांवर पहाटे धुके उतरते, कुडाच्या भिंतींतून वारा आत येतो आणि पाड्यापाड्यांवर शेकोट्या पेटतात. निवाऱ्याचे पत्रे रात्री इतके गार पडत की पहाटे त्यांवरून पाणी ठिबकत असे.

हाच कुत्र्यांच्या पिल्लांचा हंगाम. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. पावसाळा सरता सरता माजावर आलेल्या कुत्र्या दिवाळीच्या आगेमागे वितात, काही मार्गशीर्ष-पौषात. वर्षातले सर्वांत नाजूक जीव वर्षातल्या सर्वांत गार रात्रींच्या वाट्याला येतात. निवाऱ्यात मोठी कुत्री सत्तरच्या घरात होती. त्यांतली कोणी तीन पायांची, कोणी आंधळी, कोणी कंबर मोडून मागचा भाग ओढत चालणारी. पिल्लांची संख्या मात्र रोज बदलत असे.

पहिल्या सकाळी मला काम मिळाले ते गोणपाटांचे. आमचा धान्याचा धंदा. बारदानाची मला पारख आहे असे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले होते. कुत्र्यांखाली घालायला पोती उत्तम, असे मला वाटे. तिथे वीस वर्षे राबणारे वारली काका हसले. तागाचे पोते एकदा ओले झाले की दिवसभर वाळत नाही, आणि ओल्या तागावर निजलेले पिल्लू उघड्या जमिनीवरच्या पिल्लापेक्षा लवकर गारठते. खाली हातभर भाताचा पेंढा हवा, पोते फक्त दाराला पडदा म्हणून. पेंढा अंगाभोवती चुरगळून बसता येतो आणि ओल खाली झिरपून जाते. या भागात भाताची झोडपणी झालेली असते, त्यामुळे पेंढा भरपूर. काकांनी तो तीन हात उंच रचून ठेवला होता. आमच्या पेढीवरून मी हौसेने पाठवलेली दोनशे पोती कोपऱ्यात होती. त्यांतली निम्मी त्यांनी वाऱ्याच्या दिशेला कुंपणाला शिवून टाकली होती. तो उपयोग मला सुचला नसता.

दुसरे काम बिनआईच्या पिल्लांचे. भाचीने आल्या संध्याकाळीच नीट समजावले होते. जन्मल्यापासून पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. ती आईच्या पोटाची आणि भावंडांच्या ढिगाची असते. आई नसेल तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली हवी, आणि बाटलीपासून दूर सरकायलाही जागा हवी. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात, म्हणून पिल्लांसाठी मिळणारी भुकटी कालवायची. दूध पाजताना पिल्लू उताणे धरायचे नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. पाजून झाले की ओल्या कापसाने खालचा भाग पुसायचा, कारण आईच्या जिभेचा स्पर्श झाल्याशिवाय ती मलमूत्रही करू शकत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाजण्याआधी करंगळी तोंडात घालून पाहायची. तोंड गार लागले तर दूध द्यायचे नाही. आधी ऊब, मग दूध.

हे सारे मी ऐकले होते. वहीत लिहूनही घेतले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास मी खोलीत गेले. एक तपकिरी पिल्लू ढिगातून घरंगळून पेंढ्याच्या कडेला पडले होते. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढीत होते. भाची मागच्या कप्प्यात, झटके येणाऱ्या एका कुत्र्यापाशी होती. मला वाटले, रात्रभर उपाशी आहे. मी दूध कोमट केले, पिल्लू पदरात घेतले आणि सिरिंजने थेंब थेंब पाजू लागले. ते चोखत नव्हते, तरी मी चिकाटी सोडली नाही. आपल्या हातून एका जिवाचे पोट भरते आहे या भावनेने माझे डोळे भरून आले होते. करंगळी घालून पाहण्याचे मला सुचलेही नाही.

दहाच्या आधी ते गेले. गारठलेल्या शरीराचे आतडे काम थांबवते. त्यात गेलेले दूध पचत नाही, आणि गिळण्याचे बळ नसल्याने थोडे छातीतही उतरते. भाची माझ्यावर रागावली नाही. तिने नोंदवहीत तारीख, वजन आणि वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात तीन शब्द लिहिले : ‘गार असताना दूध’. काकांनी कुंपणाजवळ करंजाखाली खड्डा खणला. मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही, कारण जेवायला सवड कोणालाच नव्हती.

दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे, हे लहानपणापासून व्याख्यानात ऐकत आले. मला ते नेहमी पंडितांसाठी सांगितलेले वाटे. आत्मा काय, जीव किती प्रकारचे, हे जाणावे आणि मग दया पाळावी, एवढाच अर्थ मी घेतला होता. करंगळीएवढे ज्ञानही त्यात येते हे मला त्या सकाळी कळले. तोंड गार आहे की गरम, एवढे न पाहता केलेल्या दयेने एक पंचेंद्रिय जीव गेला होता.

पुढच्या अडचणीला तर असे सरळ उत्तरही नव्हते. हिवाळ्यात गोचिडी कमी असतात म्हणतात. तरी आमच्याकडे आलेल्या एका कुत्रीच्या कानांत त्या मिरीच्या दाण्यांसारख्या दाटीवाटीने बसल्या होत्या. तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. गोचिडी रक्त पितात आणि ताप देणारे जंतूही सोडतात. त्या चिमट्याने काढायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या, असा तिथला रिवाज. मी म्हणाले, काढीन. पाण्यात टाकणार नाही. तीन इंद्रियांचा असला तरी तो जीवच. मी त्या एका कोरड्या डब्यात जमा केल्या आणि दुपारी लांब, कुंपणापलीकडच्या गवतात सोडून आले. परतले तेव्हा काका वाटेतच उभे होते. “बाई, तिथं माझ्या शेळ्या चरतात,” एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर मी गोचिडींचे काम मागितले नाही. पट्ट्या बदलण्याचे घेतले. भाची ते काम करीत राहिली, मी पाठ फिरवून कापूस कातरीत राहिले. दुसऱ्याच्या हाताने झाले म्हणजे माझ्यापुरते ते घडले नाही, असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. रात्री सामायिकात इरियावहियं म्हणताना एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या सर्व जीवांची क्षमा आपण एका दमात मागतो. त्या पंधरवड्यात तिथे मी दर वेळी अडखळत असे. त्या पाठात पिल्लू होते, गोचीडही होती, आणि काकांच्या शेळ्याही होत्या.

जेवणाविषयी वाचकांना कुतूहल असेल. माझी नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी आणि डाळ सूर्यास्ताआधी वेगळी होई. उकळलेल्या पाण्याचा हंडा काकांच्या सूनबाई न सांगता भरून ठेवीत. कुत्र्यांच्या मोठ्या पातेल्यात भाताबरोबर काय शिजे, ते मी लपवणार नाही आणि वर्णनही करणार नाही. त्या चुलीपाशी मी गेले नाही. ताईंनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही, उलट मला दुसरे पातेले दिले. म्हाताऱ्या, दात पडलेल्या आणि आजारातून उठणाऱ्या दहा-बारा कुत्र्यांसाठी मऊ भात, मूगडाळ, भोपळा आणि सोयाबीन. कुत्र्याला पथ्याने शाकाहारावर ठेवता येते, मांजराला नाही, हे भाचीकडून कळले. आपल्यापैकी जे घरी मांजर पाळून त्याला केवळ दूध-पोळी घालतात, त्यांनी हे पशुवैद्याला एकदा विचारून घ्यावे.

आता महामार्ग. संध्याकाळी औषधे आणायला आम्ही दापचरी-तलासरीकडे जात असू. तपासणी नाक्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगा लागतात. चालक मंडळी गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून रोट्या भाजतात आणि प्रत्येक गाडीशी दोन-चार कुत्री अदबीने बसलेली असतात. ट्रकवाल्यांची दया मी इथे पाहिली. स्वतःच्या थाळीतला तुकडा आधी कुत्र्याला, मग स्वतःला. पण त्याच रस्त्यावर दर फर्लांगाला काही ना काही पडलेले दिसे, आणि भाची गाडी थांबवून खात्री करून घेई.

एकदा तिने मला ढाब्यामागची कुत्री नीट पाहायला सांगितले. सहापैकी दोघांच्या कानाचे टोक कापलेले होते. ही नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण. “मावशी, इथे आसपास नसबंदीचे केंद्र नाही. मग ही आली कुठून?” कुठल्या तरी शहरातून, कुणाच्या तरी टेम्पोतून आली होती. एकाच्या गळ्यावर पट्ट्याचा घट्टा अजून होता. अशी कुत्री ओळखू येतात, ती म्हणाली. ती ढाब्याच्या मागच्या दाराशी जात नाहीत, कारण तिथली जुनी कुत्री त्यांना फाडतात. ती रस्त्याच्या कडेला बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान वळवून पाहतात. ज्या गाडीने सोडले तसा आवाज आला की धावतात. बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच गाडीखाली जातात. पिल्ले असलेली आई त्याहून लवकर, कारण ती अन्नासाठी रस्ता ओलांडत राहते.

मी तिला कसाऱ्याची हकीकत सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “सहाही पिल्लं होती ना बरोबर? मग निदान ऊब होती.”

कायद्याने हे उघड आहे, पण आपल्या पेढ्यांवर ते फारसे कोणाला ठाऊक नाही. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम पहिल्यांदा २००१ साली आले आणि २०२३ साली नव्याने झाले. दोन्हींचा गाभा एकच आहे : रस्त्यावरचे कुत्रे पकडावे, नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच परत सोडावे. शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला. तिथली कुत्री परत न सोडता निवाऱ्यात ठेवावी असे त्यात आहे. एरवी ‘तिथेच परत’ यामागे साधे कारण आहे. ओळखीची, लस टोचलेली कुत्री गल्लीतून गेली की रिकामी जागा फार दिवस राहत नाही; बाहेरची, बिनलसीची येतात आणि पुन्हा विऊ लागतात. आमच्या गुदामात तेच झाले होते. टेम्पो कसाऱ्याहून परतला त्यानंतर दोन महिन्यांत थप्पीमागे दुसरी कुत्री होती. आम्ही तिला नशीब म्हटले.

लस माणसांनीही घ्यायची असते. निघण्याच्या महिनाभर आधी भाचीने मला रेबीजच्या तीन सुया घ्यायला लावल्या. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ती अट आहे. दात लागला तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि मग दवाखाना गाठायचा. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पाड्यावरच्या पोरांना हे पाठ होते. आमच्या गल्लीतल्या पोरांना नाही.

या पाड्यांवर थंडीत आणखी एक गोष्ट घडते. दिवाळीनंतर, भात घरात आला की, अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात. हा त्यांचाच शब्द. दाराला कुलूप, पोरे बरोबर, आणि कुत्रे मागे. शिमग्याला नाहीतर पावसाआधी माणसे परततात, तोवर ते कुत्रे कुडाच्या दारापाशी बसून राहते. शेजारी जे कोणी म्हातारे मागे उरले असेल ते तुकडा टाकते. काका रोज संध्याकाळी सायकलला डबा अडकवून अशा दहा-बारा दारांना फिरून येत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. बंद घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक अर्धवट पुसट झाला होता. नाचणाऱ्यांच्या फेराबाहेर एक शेपूट वर केलेले कुत्रे होते. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण भिंतीवरच्या त्या कुत्र्याखाली खरे कुत्रे पाय पोटाशी घेऊन निजलेले पाहिले तेव्हा मला चित्रापेक्षा कुलूपच जास्त दिसले. कुत्र्यासाठी शेकडो कोस आलेली मी, त्या घरच्या माणसांविषयी मला काय ठाऊक होते? काकांना मी तसे म्हणाले. ते म्हणाले, “त्यांचं त्यांना भट्टीवाला देतो. ह्याला कोण देतो?” उत्तर पुरेसे नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

काकांच्या आठवणीतली सर्वांत कठीण थंडी २०१८-१९ ची. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-हळदपाड्याच्या परिसरात जमीन सारखी हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्या धावपळीत एक लहानगी दगावली. भिंती तडकल्या, घरात निजायची कोणाची छाती होईना. माणसे आठवडेच्या आठवडे अंगणात, ताडपत्रीच्या तंबूंत निजली, आणि तीही ऐन थंडीत. “तेव्हा कुत्री आमच्यात आणि आम्ही कुत्र्यांत,” काका सांगत. पोरांच्या पायाशी कुत्री निजत, कोणी हाकलत नसे. अजूनही मधूनच सूक्ष्म हादरा बसला की निवाऱ्यातली सत्तर तोंडे एकदम वर होतात. मी असताना एकदा पत्रे किंचित वाजले. मला ते ट्रकचे कंपन वाटले. काका मात्र दाराबाहेर जाऊन उभे राहिले होते.

एका रविवारी सुटी काढून आम्ही किनाऱ्याला गेलो. डहाणूला पारनाक्याजवळ जखमी समुद्री कासवांचे उपचार केंद्र आहे. वनखाते आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक तरुणांची संस्था ते चालवते. त्यांची धावपळ पावसाळ्यात. तुटलेल्या जाळ्यांत अडकून वल्ह्यासारखे पाय गमावलेली कासवे तेव्हा लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. तिथून बोर्डीला गेलो. उत्तरेकडे थोड्याच अंतरावर संजाण, जिथे पारशी लोक पहिल्यांदा उतरले अशी त्यांची परंपरा आहे.

पारशी आणि कुत्रा म्हटले की मला आपल्या पांजरापोळाची गोष्ट आठवते. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईच्या कोटात कंपनी सरकारच्या शिपायांनी बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम काढली; दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली आणि कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या शेटियांच्या साथीने मुंबईचा पांजरापोळ उभारला. आज पांजरापोळ म्हटले की आपल्याला गायी आठवतात. त्याच्या मुळाशी मात्र रस्त्यावरची कुत्री होती. आपले पूर्वज ज्यांच्यासाठी दुकाने बंद ठेवीत, त्यांच्यासाठी आपण टेम्पो काढतो. हा टोमणा प्रथम मलाच लागू आहे.

परतण्याच्या आदल्या पहाटे महामार्गाच्या कडेने तीन साध्वीजी विहार करीत मुंबईकडे जाताना दिसल्या. चातुर्मास संपला की हा रस्ता अशा पावलांनी भरतो, आणि धुक्यात मागून येणारी वाहने पाहून काळजात धस्स होते. पुढे एक श्रावक कंदील घेऊन, आणि सर्वांत मागे एक पांढरे-काळे कुत्रे, जणू तेही संघातले. ते अच्छाडपासून मागे येते आहे, असे श्रावक म्हणाले. आम्ही थांबून वंदना केली. गोचिडींचा प्रश्न ओठांवर होता. पण विहारात कोणाला उभे करून प्रश्न विचारू नये, म्हणून गिळला. भाचीने मात्र श्रावकांना बाजूला घेऊन सांगितले, की पुढच्या मुक्कामी हे कुत्रे थांबवून ठेवा आणि कळवा, आम्ही ते त्याच्या गावी परत सोडू. नाहीतर साध्वीजी विरारला पोहोचतील आणि हे परक्या हद्दीत अडकेल. दुपारी फोन आला. संध्याकाळी काका आणि ती त्याला अच्छाडला सोडून आले. उतरताच ते एका टपरीखाली जाऊन आपल्या नेहमीच्या खड्ड्यात गोल बसले म्हणे.

मी राहिले त्या पंधरा दिवसांत एकोणीस पिल्ले आली आणि आठ गेली. एक माझ्या हातून.

यंदा कार्तिकात आमच्या गुदामात पुन्हा एक कुत्री व्याली, त्याच थप्पीमागे. दिवाणजींनी सवयीने टेम्पोची किल्ली मागितली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी थप्पी एक हात पुढे ओढून घेतली, मार्केटमधून पेंढा मागवला आणि दाराला पोते टांगले. हमालांना आठ दिवस मागच्या दाराने जायला सांगितले. ते कुरकुरले, मग तेच तिला भाकरीचा तुकडा टाकू लागले. पिल्ले अंगावर पीत असतात तोवर आईला नेत नाहीत, म्हणून दोन महिने थांबलो. चारपैकी दोन पिल्लांना घरे मिळाली, एक पार्व्होने गेले, एक अजून आहे. पौषात तिला शस्त्रक्रियेसाठी नेले आणि पाचव्या दिवशी परत आणले. टेम्पोचे फळके खाली केले तशी ती उतरली, कान कापलेला, चाल थोडी अडखळती. दारापाशी थांबून तिने आत पाहिले आणि तुरीच्या थप्पीमागे निघून गेली. दिवाणजींनी जमा-खर्चात टेम्पोचे भाडे लिहिले. कुठे, या रकान्यात काय लिहावे ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ‘जाऊन-येऊन’ लिहिले.